ताबा सुटल्याने : वळण, टायर आणि आपले रस्ते

‘ताबा सुटल्याने’ हा वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरचा एक ठरून गेलेला शब्दप्रयोग आहे. गावाचे नाव बदलते, मृताचे वय बदलते, कधी ‘घाटात’ येते तर कधी ‘वळणावर’. पण दुसऱ्या कोणत्याही वाहनाची धडक न बसता दुचाकीवरचा माणूस गेला असेल, तर त्याचा ताबा सुटलेला असतो. बीड जिल्ह्यातल्या अशा बातम्या मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो. ताबा सुटला म्हणजे नेमके काय सुटले? हँडल सुटले, ब्रेक सुटला, की जे मुळात त्या माणसाच्या हातात नव्हतेच असे काही सुटले?

ताबा हा शब्द आपल्याला जमिनीच्या व्यवहारातून अधिक ओळखीचा. खरेदीखत होते, मग ताबा मिळतो. वाद झाला की ताबा कोणाचा हे आधी पाहिले जाते. ज्याचा ताबा, त्याची जबाबदारी. म्हणून ‘ताबा सुटल्याने’ असे छापले की निकाल लिहून मोकळे झाल्यासारखे होते : चूक गेलेल्याची. टायर, रस्ता, भार, हवा, पाऊस यांपैकी कोणाचीही साक्ष न घेता हा निकाल लागतो. ती साक्ष घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू. मी अभियंता नाही. जे समजले ते पुस्तकांतून, गॅरेजमधून आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून. त्यासाठी लागणारे गणित दहावीच्या पुढचे नाही.

एका पोस्टकार्डावरचा भार

आपल्याकडे सर्रास दिसणारी शंभर सीसीची मोटारसायकल घेऊ. तिचे वजन एकशेदहा किलोच्या आसपास, वर बसलेला माणूस पासष्ट किलोचा. एकूण पावणेदोनशे किलो. टायरमधली हवा ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोचा दाब देते. भाराला दाबाने भागले की जमिनीला टेकलेल्या रबराचे क्षेत्रफळ साधारण कळते. ते भरते सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी चौरस सेंटिमीटर, दोन्ही चाकांचे मिळून. टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. दोन्ही चाकांचे ठसे त्या पोस्टकार्डावर मावतील आणि पत्ता लिहायला जागा उरेल.

गाडी चालवणाऱ्याचा ताबा म्हणतात तो एवढ्याशा जागेवर उभा असतो. हँडल वळवा, ब्रेक दाबा, ॲक्सिलरेटर पिळा. प्रत्येक हुकूम शेवटी या दोन ठशांमधूनच रस्त्यापर्यंत पोचतो. ठसा रस्त्याला धरून राहिला तर हुकूम पाळला जातो, नाहीतर नाही.

हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले होते, पण ते विसरले गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तोच शोध नव्याने लावला. त्यांचे नाव आपल्या शिवारातही पोचले : रबरी चाकांच्या बैलगाडीला जुनी माणसे ‘डनलॉप’ म्हणत. ऊसतोडीच्या बोलीत तर नुसते ‘टायर’ म्हटले की तीच गाडी. टायर हे धक्का सोसणारे चाक आहे, ही त्याची पहिली ओळख. तो रस्ता धरणारा अवयवही आहे, ही दुसरी ओळख मात्र आपल्याकडे अजून नीट झालेली नाही.

रबर रस्त्याला कसे धरते?

शाळेत शिकवलेला घर्षणाचा नियम फ्रान्सच्या गिओम आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडला. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, ते टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लाकूड, लोखंड, दगड यांना हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. रबर त्यात बसत नाही. १९६३ मध्ये के. ए. ग्रॉश यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयातले मैलाचे दगड मानले जातात. त्यांतून रबराच्या पकडीचे दोन वेगळे मार्ग स्पष्ट झाले.

पहिला मार्ग चिकटण्याचा. रबराचा पृष्ठभाग दगडाच्या पृष्ठभागाला अगदी रेणूंच्या पातळीवर भिडतो आणि क्षणभर धरून ठेवतो. त्यासाठी मध्ये काही नको : धूळ नको, पाणी नको, तेल नको. दुसरा मार्ग रुतण्याचा. रस्त्यातल्या खडीची टोके रबरात घुसतात, रबर त्यांच्याभोवती दबते आणि टोक पुढे सरकल्यावर पूर्ववत होते. पण जरा उशिराने. त्या उशिरामुळे टोकाच्या पुढच्या बाजूला दाब जास्त आणि मागच्या बाजूला कमी राहतो. हा फरक सरकण्याला विरोध करतो. दाबण्यात गेलेल्या शक्तीपैकी काही भाग उष्णता होऊन जातो, म्हणून जोराने वळणे घेतलेला टायर हाताला गरम लागतो.

हे दोन मार्ग लक्षात ठेवले की रस्त्याचा स्वभाव वाचता येतो. पाऊस पडला की चिकटण्याची पकड बरीच जाते, पण खडीची टोके शाबूत असतील तर रुतण्याची उरते. त्यामुळे खरबरीत ओला रस्ता वाटतो तितका वाईट नसतो. उन्हाळ्यात डांबर पाझरून वर आले आणि काळी चकचकीत पट्टी तयार झाली, तर टोके बुडून जातात. ती पट्टी कोरडी असेपर्यंत रबर तिला चिकटते. पहिल्या सरीत चिकटणेही गेले की तिथे धरायला काहीच उरत नाही. दिसायला मात्र तोच भाग सर्वांत गुळगुळीत आणि सुरेख.

वळणाचे गणित

वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते आणि टायर तिला आतल्या बाजूला ओढत राहतात. ही ओढ किती लागते, त्याचे सूत्र सोपे आहे. ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला १२७ गुणिले वळणाची त्रिज्या, मीटरमध्ये, या संख्येने भागायचे. येणारा आकडा म्हणजे भाराच्या किती पट ओढ हवी ते.

त्रिज्या मोजायला यंत्र लागत नाही. वीस मीटरची दोरी वळणाच्या आतल्या कडेवर दोन टोकांना ताणून धरायची आणि दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर मोजायचे. ते एक मीटर सत्तर सेंटिमीटर भरले, तर त्रिज्या सुमारे तीस मीटर. वर्दळ नसताना, दोघांनी मिळून, पाच मिनिटांत होणारे हे काम आहे.

तीस मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ३० किलोमीटर वेगाने ०.२४ इतकी ओढ लागते. ४० ला ०.४२, ५० ला ०.६६ आणि ६० ला ०.९४. गाडी किती कलते तेही याच आकड्यांतून निघते : ३० ला साधारण तेरा अंश, ४० ला तेवीस, ५० ला तेहतीस, ६० ला त्रेचाळीस. या एका वळणापुरते तरी दर दहा किलोमीटरला दहा अंश, असे पाठ करायला सोपे. गाडी किती जड आहे याचा या सूत्रात उल्लेख नाही, हेही ध्यानात घ्यावे. हलकी असो की जड, त्या वेगाला तेवढीच कलते.

आता दुसरी बाजू. स्वच्छ, कोरड्या डांबरावर चांगला टायर भाराच्या साधारण ०.७ ते ०.९ पट पकड देतो. ओल्या रस्त्यावर ती निम्म्याच्या आसपास येऊ शकते. सुट्या खडीवर ०.३ ते ०.५ यांमध्ये कुठेतरी. म्हणजे तेच वळण ताशी ४० ने कोरड्या डांबरावर निवांत घेता येते, तर बारीक खडीवर त्याच वेगाला पकड जेमतेम पुरते किंवा पुरतच नाही. माणूस तोच, गाडी तीच, वेग तोच. बदलले ते पायाखालचे दोन मीटर.

रस्ते आखणाऱ्यांना हे माहीत नाही असे नाही. भारतातल्या रस्त्यांची शास्त्रीय आखणी सुरू होण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आपल्या स्मरणात आहेत. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे ते अध्यक्ष होते. या समितीचा अहवाल १९२८ चा. त्यातून पुढे केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. तिच्या मानकांप्रमाणे वळण आखताना टायरच्या बाजूच्या पकडीचा आकडा फक्त ०.१५ धरतात. उरलेली ओढ रस्त्याची बाहेरची कड उचलून मिळवायची. ही उचल सपाट प्रदेशात जास्तीत जास्त सात टक्के आणि बर्फ न पडणाऱ्या डोंगरी भागात दहा टक्के. या हिशेबाने तीस मीटरचे वळण ताशी तीस किलोमीटरच्या जरा वर, एवढ्यासाठीच आखलेले ठरते.

टायर ०.८ देत असताना ०.१५ च का धरायचे? कारण उरलेली पकड ही शिल्लक आहे. पावसासाठी, झिजलेल्या टायरसाठी, अचानक ब्रेक मारावा लागला तर त्यासाठी ठेवलेली. आपल्या रस्त्यांवर ही शिल्लक आधीच कोणीतरी खर्च करून ठेवलेली असते आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

शिल्लक कुठे जाते?

बीड जिल्ह्याला दोन मजले आहेत. वर बालाघाटचे पठार, खाली गोदावरीकाठची गंगथडी. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायचे तर घाट उतरावे लागतात. धारूरचा घाट, मांजरसुंब्याचा घाट, पाटोद्याकडचा सौताड्याचा घाट, ही त्यांतली ओळखीची नावे. शिवाय घाट नसलेल्या गावरस्त्यांवर ओढा, विहीर, बांध यांना वळसा घालून जाणारी अचानक वळणे आहेतच. इथल्या रस्त्यांवर पकडीची शिल्लक खाणाऱ्या गोष्टी ऋतूप्रमाणे बदलतात.

पहिली गोष्ट कच. खडीकरण किंवा खड्ड्यांची डागडुजी झाली की न बसलेली बारीक खडी चाकांनी उडून वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि मध्यरेषेवर गोळा होते. चारचाकीची चाके आपला माग साफ ठेवतात. दुचाकीने तो माग सोडला की ती थेट या ढिगात. खडीचा कण रबराखाली गोटीसारखा फिरतो, त्यामुळे रबराची रस्त्याशी गाठच पडत नाही. अंगणात सांडलेल्या ज्वारीवर पाय पडल्यावर जे होते, तेच.

दुसरी राख. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेची वाहतूक हा त्या भागातला जुना विषय आहे. तिची चर्चा होते ती श्वासाच्या, पिकांच्या संदर्भात, आणि ते योग्यच आहे. पकडीच्या दृष्टीने मात्र तिचा एक वेगळा गुण आहे : भट्टीच्या धुराबरोबर उडणाऱ्या राखेचे बरेचसे कण सूक्ष्मदर्शकाखाली गोल आणि काचेसारखे दिसतात. रस्त्यावर सांडलेला असा थर म्हणजे पिठाएवढ्या बारीक गोट्यांचा थर. कोरडा असताना तो रबराला चिकटू देत नाही आणि भिजला की त्याचा लगदा होतो.

तिसरी काळी माती. पाण्याने फुगणे आणि उन्हाने आकसणे हा तिचा धर्म. तिच्यावरचा रस्ता कितीही सपाट केला तरी काही वर्षांत लाटा धरतो आणि कडेने भेगाळतो. ओल्या रानातून वर आलेला ट्रॅक्टर चाकांबरोबर हीच माती डांबरावर आणून टाकतो. नेमके वळणावर शेताचे तोंड असेल तर तिथे पावसाळाभर चिखलाचे लिंपण राहते.

चौथा मृगाचा पहिला पाऊस. महिनोन्महिने साचलेली धूळ, गळलेले तेल, झिजलेल्या टायरचा भुगा यांत थोडेच पाणी मिसळते तेव्हा निसरडा लेप तयार होतो. मुसळधार पाऊस हा लेप धुऊन नेतो. भुरभुर पाऊस तो तसाच ठेवतो. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटे जास्त वाईट.

पाचवी दिवाळीच्या आसपासची. सोयाबीन, बाजरी वाळवायला, मळायला डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता हेच अनेकांचे खळे असते. शेतकऱ्याला दुसरी सपाट जागा नाही, हे मान्य. पण दाण्यांचा आणि भुसकटाचा थर रबरासाठी कचीपेक्षा बरा नसतो. पाठोपाठ उसाचा हंगाम येतो. ट्रॉलीतून पडलेली टिपरी आणि पाचट वळणावरच सापडायची, कारण भरलेली ट्रॉली वळणावरच हेलकावते.

या सगळ्यांत भर घालतो तो खडबडीतपणा. पकड भाराच्या प्रमाणात असते, आणि उंचवटा ओलांडताना चाकावरचा भार क्षणोक्षणी बदलतो. चाक चढताना भार वाढतो. उंचवट्याच्या पलीकडे ते हलके होते, कधी अधांतरी जाते. सरळ रस्त्यावर हे चालून जाते. कललेल्या गाडीत मात्र शॉकअप तिरपा असतो आणि धक्का खालून उभा येतो, म्हणून तो पूर्ण पचत नाही. चाक हलके झालेल्या त्या क्षणी गाडी थोडी बाहेर सरकते आणि टेकताच झटका देऊन पुन्हा धरते. लाटा धरलेल्या वळणावर गाडी थरथरत बाहेर जाते ती यामुळे. शॉकअपचे तेल गळून गेले असेल तर चाक टेकण्यापेक्षा उड्याच जास्त मारते.

वळणात काढलेली उचल

एकच ठसा वळणाची ओढ देतो आणि तोच ब्रेकची ओढही देतो. दोन्हींसाठी वेगळी खाती नाहीत. दोन्ही ओढी काटकोनात असल्याने त्यांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने होते. आपल्या वळणावर ताशी ४० ने ०.४२ पकड वळण्यात जात आहे. रस्ता ०.८ देत असेल तर ब्रेकसाठी ०.६८ शिल्लक राहते, म्हणजे भरपूर. तिथेच पकड ०.४५ वर आली तर ब्रेकसाठी उरते फक्त ०.१६. घाबरून ब्रेक दाबणारा याच्या दुप्पट-तिप्पट सहज मागतो.

ऊसतोड मजुराला हे समजावून सांगावे लागत नाही. उचल घेतली की ती फेडावी लागते, आणि फेडायला अंगात कस नसेल तर पुढचा हंगामही गहाण पडतो. वळणात मारलेला ब्रेक ही पकडीवर काढलेली उचल आहे. फेडायची मुदत अर्ध्या सेकंदाची.

पुढचे चाक असे सुटले की सावरायला वेळ मिळत नाही, कारण गाडीचा तोल पुढच्या चाकाच्या दिशेवर असतो. मागचे सुटले तर गाडी बाजूला फिरते, कधीकधी सावरता येते. सुटले नाही तरी पुढच्या ब्रेकचा आणखी एक परिणाम होतो. कललेल्या गाडीचा ठसा टायरच्या मधोमध नसतो, आतल्या बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे ब्रेक लागताच हँडलला पीळ बसतो आणि गाडी उभी राहू पाहते. उभी राहिली की वळणे थांबते आणि ती रुंद होत रस्त्याबाहेर जाते. वेग वळणाआधी, गाडी सरळ असताना कमी करावा, हा जुन्या चालकांचा सल्ला या दोन गोष्टींमधून आला आहे.

नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचे झाले, १२५ पर्यंत एकत्र लागणाऱ्या ब्रेकवर भागते. त्यामुळे शंभर सीसीच्या गाडीवरचा माणूस बहुधा एबीएसविनाच असतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. पण साधे एबीएस गाडी किती कलली आहे ते जाणत नाही आणि नसलेली पकड निर्माणही करत नाही.

गाडी वळते कशी, याविषयीही एक गैरसमज आहे. वेगात असलेली दुचाकी उजवीकडे न्यायची तर हँडल आधी क्षणभर, अगदी किंचित, डावीकडे जाते. चाके डावीकडे सरकतात, गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बर यांनी सायकलीबाबत हे निरीक्षण करून ठेवले होते, आणि बहुतेक चालवणाऱ्यांना आपण असे करतो हे ठाऊकच नसते असेही. रोजच्या चालवण्यात शरीर ते आपोआप करते. संकटात मात्र माणूस हँडल ज्या बाजूला जायचे तिकडेच खेचतो, आणि गाडी उलटीकडे कलते. खड्डा चुकवायला गेलेला माणूस खड्ड्यातच जातो, त्याला नशीब म्हणण्याआधी हे पाहायला हवे.

मग तिघे बसण्यात काय वाईट, सूत्रात तर वजन नाही? सूत्रात नाही, टायरवर आहे. अशा गाड्यांच्या मागच्या टायरवर ‘४८ पी’ सारखी खूण असते. ४८ चा अर्थ जास्तीत जास्त १८० किलो आणि ‘पी’ चा अर्थ ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. तिघे मोठे बसले की एकट्या मागच्या चाकावर दोनशे किलोच्या आसपास येतात. रबराची पकड भाराबरोबर वाढते, पण तेवढ्याच प्रमाणात नाही. शॉकअप तळाला टेकतात. पुढचे चाक हलके होते आणि हँडल पोकळ लागते. तिसऱ्याला मध्ये बसवून गाव गाठणाऱ्यापाशी दुसरे वाहन बहुधा नसते. एसटीची शेवटची फेरी गेलेली असते. हा हिशेब त्याला दोष देण्यासाठी मांडलेला नाही.

टायरची जबानी

टायर काय सांगतो ते वाचायला फार शिकावे लागत नाही. कायद्याने दुचाकीच्या टायरवरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. ‘टायर गोटा झाला’ असे पंक्चरवाला म्हणतो तेव्हा ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. नक्षीचे काम पाणी आणि चिखल बाजूला सारण्याचे. कोरड्या डांबरावर नक्षी नसली तरी रबर धरते, म्हणूनच गुळगुळीत टायर उन्हाळाभर चालतो आणि मृगात दगा देतो.

बाजूला चार अंकी आकडा असतो : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होत जाते. कडक रबर ना नीट चिकटते ना नीट रुतते. नक्षी शाबूत असलेला जुना टायर यासाठी फसवा.

सरळ रस्त्यावर धावून टायर मधोमध चपटा होतो. मग वळणात कलताना चपट्या भागाच्या कडेवरून उतरावे लागते आणि गाडी एकदम आत पडल्यासारखी वाटते. हवा जास्त मारली की ठसा लहान होतो, टायर खडबडीवर उसळतो. कमी असली की तो कुशीवर लोळतो. किती हवा हे कंपनीने गाडीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते, ते टायर थंड असताना मोजायचे. आणि दसऱ्याचे एक : गाडी धुऊन, हार घालून, टायरला काळे चमकदार पॉलिश लावतात. ते टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर गेले तर सणाच्या दुसऱ्याच वळणावर निसरडे. नवा टायरही पहिले शे-दोनशे किलोमीटर जपून चालवावा. त्याची वरची तकाकी झिजायला वेळ लागतो.

दोष कोणाचा?

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे चालवणारा निर्दोष आणि रस्ता गुन्हेगार. तसे नाही. या विषयातला गाजलेला अभ्यास हॅरी हर्ट यांचा, १९८१ चा, लॉस एंजेलिसचा. त्यांच्या चमूने नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांत साधारण एक चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाविना झालेले होते, आणि त्यांपैकी दोन तृतीयांशांत चालवणाऱ्याची चूक होती : जास्त ब्रेक मारून घसरणे किंवा वळणात रुंद जाणे. रस्त्यातला दोष कारण ठरला तो एकूण अपघातांपैकी फक्त दोन टक्क्यांत. हा आकडा डोळ्याआड करता येत नाही. पण तो लॉस एंजेलिसच्या रस्त्यांचा आहे. कच, राख, काळी माती आणि सोयाबीन ज्या रस्त्यावर ऋतूप्रमाणे पाळी लावून येतात, तिथला आकडा तिथेच जाऊन काढावा लागेल. हर्ट जागेवर गेले, हा त्यांचा खरा धडा.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची, म्हणजे शंभरात चव्वेचाळीसहून अधिक. एकूण मृत्यूंपैकी ७१.२ टक्क्यांचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. अतिवेग कशाच्या तुलनेत, हा प्रश्न उरतोच. पाटीवरच्या मर्यादेच्या, की त्या क्षणी पायाखाली असलेल्या पकडीच्या? आपल्या तीस मीटरच्या वळणावर ताशी ४० हा स्वच्छ डांबरावर शहाणपणाचा वेग आहे आणि कचीवर अतिवेग. चालवणाऱ्याने सावध असावे, बरोबर. पण कच तिथे कोणी, किती दिवस ठेवली, हेही विचारायला हवे.

तसे विचारायला कायद्यात जागा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण हे कलम लागू व्हायचे तर रस्ता कसा होता याची नोंद हवी. कच दोन दिवसांत उडून जाते, राख वाऱ्याने जाते, चिखल पावसाने. मागे राहतो एक शब्दप्रयोग, आणि तो रस्त्याविषयी काहीच बोलत नाही.

म्हणून मी बातम्यांसाठी पाच रकाने आखले आहेत : वळणावर काय पसरलेले होते, टायर कसा होता, गाडीवर किती जण होते, ब्रेकच्या घसटीची खूण कुठून सुरू झाली आणि आदल्या दिवशी पाऊस होता का. पाचही गोष्टी पंचनाम्याला गेलेल्या माणसाला, गावच्या वार्ताहराला किंवा शेजारच्या शेतकऱ्याला उघड्या डोळ्यांनी दिसतात. एक मोबाइल आणि दहा पावले चालणे पुरते. छापलेल्या बातमीवरून मात्र यांतला एकही रकाना बहुधा भरता येत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या घर सोडण्याच्या तयारीत असतील. ट्रक, ट्रॅक्टर पुढे जातील. मागे राहिलेल्यांची ये-जा मोटारसायकलवर होईल, बाजाराला, दवाखान्याला, आजारी म्हाताऱ्यांकडे. रस्त्यावर सोयाबीन असेल, काही दिवसांनी पाचट येईल. निघण्याआधी टायरवर हात फिरवायला आणि बाजूचा आकडा वाचायला एक मिनिट लागते. वळणावरची कच झाडायला खराटा आणि दोन माणसे लागतात, आणि ते काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे.